प्रमाणपत्र त्या दिवसापुरतेच

'व्यावसायिक वाहनांना वार्षिक तपासणी पुरेशी' हा आपल्या अंकातील लेख वाचला. त्यातील निष्कर्ष पटला नाही. चाचणीत उत्तीर्ण झालेले वाहन त्या दिवशी रस्त्यावर आणण्यायोग्य होते, एवढेच प्रमाणपत्र सांगते. लांब पल्ल्याचा ट्रक पुढच्या चाचणीपर्यंत लाखभर किलोमीटर धावू शकतो.

छोट्या मालवाहू गाड्यांच्या हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकचेच पाहा. त्यातील ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते. डॉट-४ प्रतीच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सियस असावा लागतो. ओलावा शोषलेल्या ऑइलसाठी हीच मर्यादा १५५ अंश आहे. लांब उतारावर ब्रेक सतत दाबून ऑइल उकळले, की नळीत वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल तळाला टेकले तरी गाडी थांबत नाही. चाचणीत गाडीची चाके ज्या रोलरवर फिरवून ब्रेक तपासतात, तिथे ब्रेक थंड असतात, त्यामुळे हा दोष तिथे दिसेलच असे नाही.

म्हणूनच ताफा बाळगणाऱ्यांवर रोजच्या तपासणीची सक्ती हवी. निघण्यापूर्वी चालकाने टायर, दिवे, ब्रेक पाहून दोष नोंदवहीत लिहावा आणि तो दूर केल्याची मेकॅनिकची सही झाल्याशिवाय गाडी बाहेर काढू नये. आज चालक तक्रार करतो, पण खेप चुकेल म्हणून दुरुस्ती पुढे ढकलली जाते आणि जीव धोक्यात जातो तो त्याचा व रस्त्यावरच्या इतरांचा. वार्षिक तपासणीच्या वेळी ही नोंदवहीही मागावी. ती कोरी आढळल्यास प्रमाणपत्र रोखून धरावे.