खालच्या बाजूला उभ्या राहिलेल्या ओमाला

प्रिय ओमा,

हे पत्र मराठीत लिहितेय. तुझी नात फोनवर भाषांतर करून जमेल तसं वाचून दाखवेल. जर्मनमध्ये लिहायला दोनदा बसले, पण त्या भाषेत मला 'आभारी आहे' याच्या पुढे जाता येत नाही आणि तेवढ्यानं भागत नाही. ओमा म्हणजे आजीच, आणि आमच्याकडे आजीला अहो-जाहो करत नाहीत, म्हणून इथे सरळ 'तू'. तसंही चौथ्या दिवशी जेवताना तूच म्हणाली होतीस, 'झी' म्हणजे अहो-जाहो पुरे झालं, आता 'डू' म्हणजे 'तू' म्हण.

सगळ्यांना वाचता येईल असं मुद्दाम लिहितेय. आमच्या निफाड-दिंडोरीकडची बरीच पोरं आता द्राक्ष आणि वाइनचं शिकायला बाहेर जाऊ बघतात. फसवणुकीच्या गोष्टी त्यांच्या कानावर रोज पडतात. ही एक वेगळीही पडू दे.

26 नोव्हेंबर 2023ला आमच्या भागात गारपीट झाली. सकाळी भरलेली बाग होती, संध्याकाळी मांडवाखाली फुटलेल्या मण्यांचा चिखल. तरीही अण्णा म्हणाले, बाग गेली म्हणून पोरीचं शिक्षण थांबायला नको. त्यांनी पैसे उभे केले आणि माझी जर्मनीत मोझेल नदीकाठच्या एका वाइनरीत सोय करून देतो म्हणणाऱ्या माणसाच्या हातात दिले. तो मराठीच बोलायचा. 'ताई, काहीच काळजी करू नका' हे त्याचं दर फोनला. पावती मात्र कधी दिली नाही. सप्टेंबर 2024च्या शेवटी मी विटलिखच्या स्टेशनवर उतरले तेव्हा त्याचा फोन बंद होता, आणि ज्या वाइनरीचं नाव त्यानं दिलं होतं तिथल्या बाईंनी दोन वाक्यांत सांगितलं की जागा भरली, माफ करा. मी कुठून आलेय, रात्री कुठे राहणार, काही विचारलं नाही. तो राग अजून गेलेला नाही. जाईल असं वाटतही नाही.

बर्नकास्टेलच्या बसथांब्याजवळच्या बेकरीतल्या बाईंनी तुला फोन केला, एवढंच मला माहीत आहे. तू चिखलाच्या बुटांनी आलीस, माझी एक बॅग उचललीस आणि गाडीत टाकलीस.

त्या साली तुमचंही काही बरं चाललेलं नव्हतं, हे मला नंतर कळलं. एप्रिल 2024मधल्या एका रात्रीत कडाक्याच्या थंडीनं तुमची नदीकाठच्या सपाटीवरची बाग काळी पडली होती. नुकते फुटलेले कोंब गेले होते. गारपिटीनंतर आमच्या घरात जी शांतता होती, तीच तुमच्या घरात होती, पण मला एकदाही तोडणीचं काम कमी आहे असं ऐकवलं गेलं नाही.

आता ज्यासाठी हे पत्र आहे ते सांगते.

आमची निफाडची बाग तळहातासारखी सपाट. मांडवाखालून मान वर करून घड तोडायचे. तुझी बाग उभ्या डोंगरावर. चढताना हात पुढे केला की जमिनीला टेकतो. माती नाहीच, नुसत्या दगडाच्या कपच्या, निळसर-काळ्या. हा आमच्या शाळेतल्या पाटीचा दगड, हे ओळखायला मला थोडा वेळ लागला. दिवसभर ऊन पिऊन तो रात्री वेलींना ऊब देतो, म्हणून इतक्या उत्तरेला रीसलिंगसारखं उशिरा पिकणारं द्राक्ष पिकतं, हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. त्या कपच्या पायाखालून खडखडत निसटतात, ते मात्र कुठे वाचलेलं नव्हतं.

पहिल्या दिवशी तू तुझं सिकेटर, घड तोडायची कात्री, माझ्या हातात दिलंस आणि मी ज्या वेलीपाशी उभी राहीन तिच्या एक वेल खाली येऊन तू काम करायला लागलीस. मी वर सरकले की तूही वर. सगळा दिवस. दुसऱ्या दिवशी तेच. मला वाटलं, तू माझं काम तपासतेयस. मी द्राक्षं तोडतच मोठी झाले, आणि ही बाई माझ्यावर पहारा ठेवतेय! मनातून मी दुखावले होते ओमा, आज कबूल करते.

तिसऱ्या दिवशी दुपारी, पावसाची भुरभुर येऊन गेल्यावर, माझा उजवा पाय निसटला. मी फूटभरच घसरले. माझ्या बुटाची टाच कशाला तरी टेकली आणि मी थांबले. खाली बघितलं तर तो तुझा तळहात होता. तू दुसऱ्या हातानं वेलीचा खांब धरला होतास. काही बोलली नाहीस. मी सावरल्यावर हात झटकलास, कपची लागून अंगठ्यापाशी रक्त आलं होतं ते रुमालानं टिपलंस आणि पुढचा घड तोडलास.

संध्याकाळी टोपली वाहणाऱ्या पोलंडच्या भाऊंना विचारलं. ते अकरा वर्षं दर सुगीला तुझ्याकडे येतात. ते म्हणाले, नवीन माणूस आलं की पहिले दिवस ओमा त्याच्या खालच्या बाजूला स्वतः उभी राहते, माझ्याही खाली उभी राहिली होती. चौऱ्याहत्तर वर्षांची तू, दुखऱ्या गुडघ्यांची! घरात तुझी मुलगी, जावई, नात, सगळे होते. तू हे काम त्यांच्यावर टाकलं नाहीस.

आमच्या विहिरीला कठडा नाही. लहानपणी मी पायऱ्या उतरायचे तेव्हा अण्णा कायम माझ्या खालच्या पायरीवर असायचे. त्या रात्री मी त्यांना फोन करून हे सांगितलं. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, मग आता मला झोप लागेल.

चौथ्या दिवशी तू पलीकडच्या ओळीत गेलीस. मला कळलं.

पुढचे आठवडे तू मला जे शिकवलंस ते कुठल्या वर्गात मिळालं नसतं. बुरशी म्हटलं की आमच्याकडे पोटात गोळा येतो. भुरी, डाऊनी, फवारणी, पुन्हा फवारणी. आणि तू ऑक्टोबरच्या शेवटी बुरशी चढलेले, सुरकुतलेले, जांभळट-तपकिरी मणी एकेक करून वेगळ्या डब्यात घ्यायला लावलेस. शंका आली की मणी फोडून नाकाशी धर, म्हणालीस. मधासारखा वास आला तर ठेव, व्हिनेगरसारखा आला तर फेक. अशा सुकलेल्या मण्यांची अतिगोड वाइन म्हणजे ट्रोकनबेरेनआउसलेझे. मोझेलवर ते नाव मिळायला रसाची गोडी किमान 150 अंश एक्सले (गोडी मोजायचं जर्मन माप) लागते, म्हणजे गोडीच्या आमच्या मापात, ब्रिक्समध्ये, 34च्या आसपास. अण्णांची निर्यातीची द्राक्षं 18 ब्रिक्सला तुटतात. त्यांना हा आकडा सांगितला तर ते म्हणाले, मीटर बिघडलं असेल. दिवसभर वेचून माझा डबा अर्धाही भरायचा नाही, आणि तू कधी घाई कर म्हणाली नाहीस.

तळघरात, हजार लिटरच्या त्या जुन्या लाकडी पिंपांपाशी, तुझ्या मुलीनं सांगितलं होतं की रीसलिंगची सगळ्यात जुनी माहीत असलेली नोंद 1435 सालची आहे, र्‍युसेल्सहाइममध्ये वेली विकत घेतल्याची. खरेदीचा हिशेब! मला त्या क्षणी तो बिनपावतीचा माणूस आठवला. आणि त्याच आठवड्यात तू माझ्या तासांची वही समोर ठेवलीस. पावसामुळे अर्ध्यावर सोडलेला दिवससुद्धा पूर्ण धरलेला होता. मी म्हटलं, हे जास्त आहे. तू म्हणालीस, पाऊस काही तू पाडला नाहीस.

सूपमध्ये डुकराचं मांस असतं म्हणून माझ्यासाठी मसुराचं वेगळं पातेलं रोज चुलीवर असायचं, तेही लिहायलाच हवं. आणि ज्या टेबलावर घरचे जेवायचे त्याच टेबलावर आम्ही सगळे.

वेलेनच्या डोंगरावरचं ते सूर्यघड्याळ तू मला दाखवलं होतंस. 1842मध्ये योडोकस प्र्यूम यांनी ते बांधलं, बागेत राबणाऱ्यांना वेळ कळावी, जेवायला कधी जायचं आणि घरी कधी निघायचं ते समजावं म्हणून. आज त्या घड्याळाचं नाव महागड्या बाटल्यांवर असतं, पण मला त्यातली राबणाऱ्यांची आठवण ठेवणारी गोष्टच मोठी वाटते. दुसऱ्याच्या पायाखाली काय आहे हे बघणारी माणसं जगात असतात. पुष्कळ असतात. ती जाहिरात करत नाहीत, म्हणून फसवणारे आधी भेटतात.

तू दिलेली काबिनेटची, म्हणजे हलक्या रीसलिंग वाइनची, बाटली अण्णांनी फडताळात ठेवलीय. ते माळकरी आहेत, उघडणार नाहीत. पण घरी कुणी बागाईतदार आला की बाटली काढून लेबल दाखवतात आणि तुझा तळहात सांगतात. माझ्या बुटासकट.

आमच्या बागेचे मनुके पाठवलेत. दोन किलो. आईनं देठ स्वतः काढलेत.

तुझ्या नातीनं कळवलं की गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी वर्षभर डोंगर चढायचा नाही म्हणून बजावलंय. तू ऐकणार नाहीस हे मला माहीत आहे, म्हणून आधीच सांगते. सप्टेंबरात मी येतेय. नवीन माणसं आली तर त्यांच्या खालच्या बाजूला मी उभी राहीन. तू खाली गाडीपाशी थांब आणि डबे मोज.

तुझी,
निफाडची नात