मोराची पिसं खोटी का होती

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत त्या नृत्यनाटिकेचं परीक्षण आलंय, त्यात मोराच्या ड्रेसवर दीड ओळ आहे. पिसारा नेत्रदीपक, पण पिसं खोटी, ड्रेपरीवाल्याकडून भाड्याने आणल्यासारखी. तर तो ड्रेस मी शिवलाय, माझ्या घरच्या हॉलमध्ये, आणि पिसं खोटी आहेत हे मला कोणी सांगायला नको, कारण ती एकेक करून मीच बनवलीत.

खरी का नाही लावली ते सांगते. मोरपीस आपल्याकडे मिळतं, मोराने आपोआप गाळलेली पिसं देशात विकायला 1972 च्या वन्यजीव कायद्यात सूट आहे, पण ती भारताबाहेर पाठवायला बंदी आहे. आणि या ग्रुपला पुढे परदेशी प्रयोग करायचेत. म्हणजे एअरपोर्टवर पिसारा काढून घेतला की मोर तिकडे नाचणार कसा, कोंबडी होऊन? मग सॅटिनची पिसं करायची ठरली. सॅटिनची पट्टी कापायची, कडा मेणबत्तीवर हलक्या हाताने फिरवायच्या म्हणजे त्या आतल्या बाजूला वळतात आणि धागे सुटत नाहीत (एक सेकंद जास्त झाला की पट्टी गेली), मग तांब्याच्या रंगाचा गोल, त्यावर हिरवा, त्यावर निळी टिकली. एका पिसाला वीस मिनिटं, अशी 118 पिसं. करा हिशोब.

बरं नुसती पिसं लावून पिसारा उघडत नाही. आधी मी जुन्या छत्रीच्या काड्या वापरून सांगाडा केला, तो साडेतीन किलोचा झाला, ती मुलगी दोन गिरक्या मारून खाली बसली. मग एक आड एक काडी काढली, खाली कॅनव्हासचा चार इंची पट्टा दिला म्हणजे वजन खांद्यावर न येता कमरेवर बसतं, आणि नायलॉनची दोरी डाव्या बाजूने काढून तिच्या बोटात अडकवली. दोरी ओढली की पिसारा उघडतो. तुम्हाला वाटलं असेल आपोआप उघडतो, टाळ्या तर तिथेच पडल्या ना.

रंगाचं पण सांगते, लाल लाइटमध्ये हिरवा रंग काळा दिसतो. म्हणून मी चार शेडचे तुकडे घेऊन लाइट रिहर्सलला बसले होते रात्री साडेअकरापर्यंत, लाइटवाले दादा आधी वैतागले, मग चहा पाजला.

माझं म्हणणं एवढंच आहे की परीक्षणात नाच बसवणाऱ्या ताईंचं नाव आहे, संगीत, प्रकाश, निवेदन सगळ्यांची आहेत, रंगभूषेचं पण आहे, वेशभूषेचं नाही. ब्रोशरमध्ये होतं हो, शेवटून दुसऱ्या ओळीत, चष्मा लावून बघितलं असतं तर दिसलं असतं. आपल्या कोल्हापूरच्या भानू अथैया यांना 1983 मध्ये ऑस्कर मिळालं ते कपड्यांसाठीच. मी काही ऑस्कर मागत नाहीये, पण भाड्याचं म्हणताना आयोजकांना एक फोन करायला काय हरकत होती. भाड्याने ड्रेपरी देणाऱ्यांना पण मी कमी लेखत नाही, त्यांच्या ट्रंका नसत्या तर आमच्या शाळांची गॅदरिंगं झाली नसती. हा ड्रेस मात्र त्या मुलीच्या मापाचा आहे, दुसऱ्या कोणाच्या कमरेला तो पट्टा बसणारच नाही.

एक मात्र परीक्षण लिहिणाऱ्यांनी अगदी बरोबर पकडलंय, उजव्या बाजूची दोन पिसं दुसऱ्या अंकात खाली लोंबत होती. विंगेत कोणीतरी त्यावर हार्मोनियमची पेटी ठेवली होती. काड्या बदलल्यात, पुढच्या प्रयोगाला लोंबणार नाहीत.

आपली,
मोराचा ड्रेस शिवणारी, पुणे
(नाव ब्रोशरमध्ये आहे)