एकसष्टांतली एक

शिरूर, रविवार

चि. अनू,
अनेक आशीर्वाद.

काल रात्री फोनवर तू एवढंच म्हणालीस, "आई, सहाव्या नमुन्यातही काही निघालं नाही," आणि लगेच जेवणाचा विषय काढलास. फोन ठेवल्यावर मला झोप लागेना. तुझा आवाज मला कळतो गं. बोलताना जे सुचलं नाही ते लिहून कळवावं म्हणून सकाळी चहा झाल्या झाल्या बसले आहे.

जुन्या हाडांतला डीएनए वाचणाऱ्या त्या प्रयोगशाळेत तू लागलीस तेव्हापासून मी राखीगढीबद्दल मिळेल ते वाचते आहे. तुला ते पाठ असेल, तरी माझ्या मनात काय राहिलं ते ऐक. हरियाणातल्या हिसार जिल्ह्यातलं ते गाव, सिंधू संस्कृतीच्या वस्तीचं. डेक्कन कॉलेजच्या वसंत शिंदे सरांच्या चमूनं तिथल्या दफनभूमीतून सांगाडे काढले. तिथला उन्हाळा म्हणजे भट्टी, वर पावसाची ओल. डीएनए टिकायला याहून वाईट जागा शोधून सापडायची नाही. एकसष्ट नमुने तपासले, साठांतून काही हाती लागलं नाही. एका बाईनं दिलं, तेही इतकं तुटपुंजं की तिच्या एका नमुन्यापासून शंभरावर लायब्ररी, म्हणजे यंत्राला वाचता यावेत असे तयार केलेले डीएनए-तुकड्यांचे संच, बनवाव्या लागल्या, तेव्हा कुठे वाचण्याजोगं काही जमलं. २०१९च्या सप्टेंबरात ते छापून आलं. त्या साठ वेळांतल्या कितीतरी रात्री कुणीतरी आपल्या घरी फोन करून "काही निघालं नाही" म्हणालं असेल. तू सहाव्यावर आहेस, बाळा.

मी तीस वर्षं विज्ञान शिकवलं, पण एक गोष्ट मला या वयात तुझ्यामुळे कळली आणि तिनं मी अगदी हरखून गेले. जुन्या डीएनएच्या तुकड्यांची टोकं झिजतात, तिथलं सायटोसिन हे डीएनएचं एक अक्षर बिघडतं आणि यंत्र त्याला थायमिन हे दुसरंच अक्षर म्हणून वाचतं. म्हणजे वाचनात चूक येते. आणि नेमकी ती चूक दिसली तरच तुम्ही म्हणता, हो, हे खरंच जुनं आहे, खणणाऱ्याच्या घामातून किंवा आपल्या श्वासातून आलेलं नाही! त्या दोन मास्कांचा आणि ब्लीचचा तुला कितीही कंटाळा येवो, त्यात कसूर करू नकोस.

दिवाळीत काकांनी तुला सगळ्यांसमोर विचारलं होतं, "मग ठरलं का, आपण मूळचे कुठले?" तू गप्प राहिलीस. मला तेव्हा वाटलं, बोलायला हवं होतंस. आता मी माझ्या परीनं उत्तर तयार केलं आहे, ते बघ. राखीगढीची ही बाई साधारण साडेचार हजार वर्षांपूर्वीची. तिच्यात दोन धागे सापडले. एक इथल्या फार जुन्या शिकारी माणसांचा, अंदमानच्या लोकांशी दूरचं नातं असलेला. दुसरा इराणकडच्या लोकांशी नातं सांगणारा, पण ते नातं शेती सुरू होण्याच्याही आधी तुटलेलं. म्हणजे इराणच्या शेतकऱ्यांनी झुंडीनं येऊन इथं शेती आणली, हे तिच्यावरून दिसत नाही. मध्य आशियाकडच्या स्टेप या गवताळ प्रदेशातल्या पशुपालकांचा अंश तिच्यात नाही. यावर काहींनी लगेच जाहीर केलं की बाहेरून इथं कुणी आलंच नव्हतं. अरे, पण जी बाई आधीच गेली, ती नंतर कोण आलं याची साक्ष कशी देणार? त्याच दिवशी दुसरा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, पाचशेहून अधिक प्राचीन माणसांचा. त्यात हा अंश इ. स. पू. २००० ते १५०० च्या सुमारास इकडे आलेला दिसतो. आज तो आपल्यातल्या बहुतेकांत आहे, कुणात कमी, कुणात जास्त. त्या बाईचे धागेही आपल्यात आहेत. काकांना मूळ एकच हवं असतं आणि ते आपल्या बाजूचं हवं असतं. तसं ते निघत नाही. पुढच्या वेळी मीच सांगेन त्यांना, तू जेव.

आणखी एक सांगायचं आहे, खरं तर त्यासाठीच कागद घेतला. आपलं इनामगाव. तू चौथीत असताना मी माझ्या वर्गाला तिथल्या पांढरीवर, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडावर, नेलं होतं, तुलाही बरोबर घेतलं होतं, आठवतं? घोड नदीच्या काठावर तीन हजार वर्षांपूर्वी शेतकरी राहत होते. त्यांची लहान मुलं गेली की दोन रांजण तोंडाला तोंड लावून आडवे ठेवायचे, आत लेकरू, आणि घराच्या जमिनीखालीच पुरायचे. मी हे सांगत होते तर सातवीतल्या एका मुलीनं विचारलं, "बाई, मग त्याची आई त्याच जमिनीवर झोपायची का?" सगळा वर्ग गप्प झाला. मलाही पुढे बोलता येईना. रांजणांची मापं, काळ, पिकं, सगळं मी तोंडपाठ करून गेले होते, आणि हा एक प्रश्न मला सुचला नव्हता.

तुमच्या पेटीत येतं ते कानाच्या आतलं हाड, सगळ्या शरीरात घट्ट, म्हणून त्यात डीएनए टिकतो. तुझ्या आजीला शेवटी ऐकू येत नव्हतं, तेव्हा तू तिच्या कानाशी तोंड नेऊन बोलायचीस. त्या जागेचं हाड ते. कुणाच्या तरी हाका त्या कानानं ऐकल्या होत्या. नमुन्यासाठी भोक पाडलं की तेवढं हाड गेलं, परत येत नाही. म्हणून तू म्हणालीस की आधी स्कॅन करतो, सगळ्या बाजूंनी फोटो काढतो, ते मला फार बरं वाटलं. ते काम घाईत उरकू नका. सहावं हाड काही बोललं नाही, पण पुढे चांगलं तंत्र आलं तर उरलेल्यातून कुणाला ते वाचता येईल.

ते उरलेलं हाड तुम्ही कुठे ठेवता? परत त्याच सांगाड्याजवळ जातं का? पुढच्या फोनवर आधी हे सांग.

तुझी,
आई