खाणावळीच्या काकूंना

काकू, सा. न.

समोर बसून आभार मानायला गेले असते तर "बस झालं, भाकरी गार होतेय" म्हणून उडवून लावलं असतंत. म्हणून हे पत्र, सगळ्यांदेखत.

सोलापुरात शिकायला आले तेव्हा आडनावावर खोली लगेच मिळायची. पवार, काळे, भोसले, चव्हाण ही आडनावं आम्हा फासेपारध्यांतही असतात, हे घरमालकांच्या डोक्यात येत नाही. आईचा फोन आला की येतं. आमची बोली गुजरातीच्या वळणाची, जिन्यात हळू बोललं तरी कळतंच. मग "तुम्ही नेमक्या कुठल्या?" आणि महिनाअखेरीला ती खोली कुणा पुतण्याला लागायची.

तुमच्याकडे तो फोन जेवताना आला. "पारधी का गं?" तुम्ही सरळ विचारलंत. मी हो म्हटलं. शेजारच्या टेबलावरच्या माणसाने पिशवी मांडीवर घेतली. तुम्ही त्याला काही बोलला नाहीत. मला म्हणालात, "चुलीवर लक्ष द्यायचंय, तू जरा गल्ल्यावर बस. सुटे खालच्या खणात आहेत."

यात काय एवढं, असं कुणाला वाटेल. १८७१च्या इंग्रजी कायद्याने जमातीच्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या. याच सोलापुरात अशा जमातींना तारेच्या कुंपणाआड डांबून ठेवायची वसाहत, सेटलमेंट, होती; हजेरी द्यावी लागे. ३१ ऑगस्ट १९५२ला कायदा गेला, पण गावात चोरी झाली की पोलीस अजूनही आधी आमच्याच पालावर येतात. माझ्या वडिलांना किराणावाला दुकानाची पायरी चढू देत नसे, पैसे रोख असले तरी.

पुढे रोज संध्याकाळी गल्ला माझ्याकडे आला आणि तुम्ही जेवणाचे पैसे घेणं बंद केलंत. एकदा हिशेबात ऐंशी रुपये कमी भरले. माझ्या पोटात गोळा. दोनदा मोजले, तिसऱ्यांदा मोजत होते तोवर तुम्ही आतून ओरडलात, "अगं, गॅसवाल्या पोराला मी दिलेत, सांगायचं राहिलं!" तुम्हाला ते आठवतही नसेल. मी त्या रात्री आईला फोन करून तासभर बोलले, खाणावळीतच, मोठ्याने.

आमटी मात्र पातळच असते तुमची, ते आभारात धरू नका.

यंदा धाकटी अकरावीला येतेय. जेवायला तुमच्याकडेच पाठवते. शेंगाचटणी बेताने वाढा, आणि गल्ल्यावर बसवण्याआधी वजाबाकी करून घ्या तिच्याकडून, गणितात फार कच्ची आहे.