खाऱ्या पाण्याचा टँक सकाळी लावून संध्याकाळी तयार होत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत घरसजावटीवर पानभर आलं होतं. त्यात हॉलमधल्या खाऱ्या पाण्याच्या भल्यामोठ्या फिशटँकचा फोटो, आणि खाली लिहिलेलं की हल्ली सगळा सेटअप तयार मिळतो, माणसं सकाळी येऊन लावून जातात आणि संध्याकाळी पाहुणे यायच्या आत मासे पोहायला लागतात. हे वाचलं आणि हातातला चहा तसाच राहिला. बायको म्हणाली जाऊ दे, कशाला डोकं लावता, पण राहवेना, कारण सेम टू सेम हाच उद्योग मी पाच वर्षांपूर्वी करून बसलोय आणि त्यात माझे नऊच्या नऊ मासे अकरा दिवसांत गेले.

झालं असं की आधी पंधरा वर्षं गोड्या पाण्याचा टँक होता, गप्पी, मॉली, एंजल वगैरे, त्यामुळे आपल्याला सगळं येतं असा समज. लहानपणी वडील मरीन ड्राइव्हच्या तारापोरवाला मत्स्यालयात न्यायचे (१९५१ सालचं ते, नंतर २०१५ ला नव्याने सजवून उघडलेलं), तेव्हापासून डोक्यात होतं की घरी समुद्रातले मासे ठेवायचे. बोनस मिळाला, मुलगी म्हणाली बाबा आता घ्याच, आणि मी सहा बाय दोन बाय दोन फुटांचा टँक ठरवला. दुकानदाराने (नाव सांगत नाही, माणूस वाईट नव्हता, धंदा करत होता) एका दिवसात टँक, वाळू, दगड, पाणी, मीठ आणि नऊ मासे असं सगळं पॅकेज दिलं. रात्री लाईट लावली तेव्हा अख्खा मजला बघायला आला होता. चौथ्या दिवशी मासे वर येऊन धापा टाकायला लागले, दुकानदार म्हणाला सेट होतायत. टेस्ट किट आणलं तोवर तीन गेले होते. अमोनियाची टेस्ट असते, नळीत पाणी घेऊन थेंब टाकायचे, पाणी चांगलं असेल तर पिवळं राहतं. माझं झालं हिरवंगार.

कारण साधं आहे, पण दुकानात कोणी सांगत नाही. मासा जे खातो त्याचा अमोनिया होतो, तो मुख्यतः त्याच्या कल्ल्यांतूनच बाहेर पडतो. समुद्रात तो पसरून जातो, टँकमध्ये कुठे जाणार? तो खाणारे जिवाणू दगडांवर, वाळूत, फिल्टरमध्ये वाढावे लागतात. एक जात अमोनियाचं नायट्राईट करते, ते पण विषारीच, मग दुसरी जात नायट्राईटचं नायट्रेट करते, जे बऱ्यापैकी चालतं आणि पाणी बदलून काढता येतं. ही फौज उभी राहायला चार ते सहा आठवडे लागतात, कधी दोन महिनेसुद्धा. आणि खाऱ्या पाण्याचा पीएच ८.१ ते ८.३ च्या आसपास ठेवावा लागतो, त्या पीएचला अमोनिया जास्त मारक होतो, म्हणजे गोड्या पाण्यात गप्पी जे सहन करून जातो ते इथे चालत नाही. माझी पंधरा वर्षं इथे काही कामाला आली नाहीत.

दुसऱ्यांदा केलं तेव्हा नीट केलं. टँक भरला, दगड लावले, पंप चालू केले आणि कोळणीकडून आणलेली एक कच्ची कोलंबी जाळीच्या पिशवीत बांधून आत सोडली. ती सडते, अमोनिया होतो, जिवाणूंना खायला मिळतं. सात आठवडे आमच्या हॉलमध्ये साडेसहाशे लिटर पाणी, लाईट, पंपांचा आवाज आणि मधोमध एक सडकी कोलंबी. पाहुणे विचारायचे मासे कुठेत, बायको सांगायची हेच आमचं मत्स्यालय, कोलंबी बघून घ्या. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात वाळू-दगडांवर सगळीकडे तपकिरी थर आला, मी घाबरलो, पण ते डायटम, म्हणजे एक प्रकारचं सूक्ष्म शेवाळ, नव्या टँकमध्ये येतातच आणि आपोआप जातात. अमोनिया शून्य, नायट्राईट शून्य आणि नायट्रेट दिसायला लागलं त्या दिवशी मी ऑफिसात पेढे वाटले. लोकांना वाटलं मुलीचं लग्न ठरलं.

तुमच्या लेखात वजनाबद्दल एक अक्षर नाही याचं तर फारच आश्चर्य वाटलं, कारण फोटोतला टँक माझ्यापेक्षा मोठा दिसतोय. हिशोब सोपा आहे. सहा बाय दोन बाय दोन म्हणजे २४ घनफूट, म्हणजे जवळपास ६८० लिटर, खारं पाणी लिटरला एक किलोपेक्षा थोडं जास्तच भरतं, म्हणजे नुसतं पाणी ७०० किलो. बारा एमएमच्या काचेचे सव्वाशे किलो, वर दगड, वाळू, स्टँड. एक टन धरून चाला. राहत्या घराच्या स्लॅबवर साधारण चौरस मीटरला २०० किलो वापराचा भार धरतात आणि हा टँक जेमतेम १.१ चौरस मीटरवर उभा असतो! आमची बिल्डिंग १९८७ ची, सोसायटीच्या सेक्रेटरींनी रीतसर पत्र पाठवलं, तेव्हा राग आला होता पण त्यांचं बरोबर होतं. शेवटी स्ट्रक्चरल इंजिनीअर आणला, त्याने खाली बीम कुठून जातोय ते बघून टँक खिडकीसमोरून हलवून आतल्या भिंतीला, बीमच्या वर लावायला सांगितलं. आणखी एक, हॉलच्या लाद्यांना बाल्कनीकडे उतार असतो, तो डोळ्यांना दिसत नाही पण गवंड्याची लेव्हल ट्यूब लावली तर सहा फुटांत आठ एमएमचा फरक निघाला. तेवढ्यानेसुद्धा काचेवर एका बाजूने ताण येतो. सुताराने स्टँडखाली पाचर मारून लेव्हल केली, वर थर्माकोलची शीट, मग टँक.

आता पाणी. गिरगावचा एक मित्र म्हणाला चौपाटीवरून कॅन भरून आण ना, समुद्र फुकट आहे. अरे बाबा, किनाऱ्याच्या त्या पाण्यात आपलंच सांडपाणी आहे, आणि हे रंगीत मासे प्रवाळांच्या स्वच्छ पाण्यातले. काही जण बोटवाल्याकडून आत खोल समुद्रातलं पाणी मागवतात, ते त्यातल्या त्यात बरं, पण १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते तेव्हा काय करणार? म्हणून मी आरओचं पाणी आणि तयार सागरी मीठ वापरतो. खायचं मीठ चालत नाही हे पण सांगून ठेवतो, एका भाच्याने विचारलं होतं. लिटरला साधारण ३५-३६ ग्रॅम, म्हणजे टँक आणि खालचा संप (स्टँडमधली फिल्टरची टाकी, तिथून पंप पाणी परत वर टँकमध्ये चढवतो) मिळून पहिल्याच वेळी पंचवीस-सत्तावीस किलो मीठ लागलं. मग रिफ्रॅक्टोमीटरने (खारेपणा मोजायचं यंत्र) पाण्याची विशिष्ट घनता मोजायची, १.०२५ आली की ठीक. स्वस्तातला काटेवाला हायड्रोमीटर घेऊ नका, काट्याला एक बुडबुडा चिकटला की आकडा खोटा दाखवतो.

यात सगळ्यात कॉमन चूक, मी पण केलेली. उन्हाळ्यात रोज पाच-सहा लिटर पाणी उडून जातं, आपण बघतो की लेव्हल कमी झाली आणि मिठाचं पाणी ओततो. पण उडतं ते नुसतं पाणी, मीठ आतच राहतं! असं पंधरा दिवस केलं की खारेपणा चढत जातो. भर घालायची ती बिनमिठाच्या पाण्याची. आणि आरओमधून एक बादली चांगलं पाणी निघतं तेव्हा दोन-तीन बादल्या वाया जातं, मे महिन्यात पाणीकपात असताना ते गटारात सोडताना लाज वाटली पाहिजे, आमच्याकडे त्यावर लादी, संडास आणि जिन्यातली झाडं भागतात.

आपल्याकडे खरा खर्च गरमीचा आहे. या माशांना २५ ते २७ डिग्री लागतं आणि डोंबिवलीत एप्रिलमध्ये पंखा चालू असूनही पाणी ३१ ला जातं. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो, त्यात मासे जास्त हालचाल करतात. म्हणून चिलर, म्हणजे पाणी गार करायचं मशीन. चिलर मी आधी स्टँडच्या कपाटात ठेवला, दिसायला नको म्हणून. तो पाणी गार करून गरम हवा कपाटात सोडणार, ती हवा तिथल्याच संपला तापवणार आणि हा परत जोरात चालणार, असा वेडेपणा दीड महिना चालला, वीजबिल बघून ट्यूब पेटली. आता तो बाहेर खिडकीशी आहे, कुरूप दिसतो, दिसू दे.

आणि लाईट गेली तर? हे लेखात यायलाच हवं होतं. पंप बंद पडला की वरच्या टँकमधलं पाणी पाइपातून उलटं खाली संपमध्ये येतं, संप काठोकाठ भरलेला असेल तर ते जमिनीवर. आमच्याकडे पहिल्या पावसात रात्री दोनला लाईट गेली आणि तीस-चाळीस लिटर खारं पाणी खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या बेडरूमच्या छतातून झिरपलं. सकाळी काकू वर आल्या, काही बोलल्या नाहीत, नुसतं टँककडे बघितलं आणि गेल्या. रंगकाम मी करून दिलं. उपाय काय, तर संपमधून वर पाणी नेणाऱ्या पाइपाला पाण्याच्या लेव्हलच्या जरा खाली एक बारीक भोक, तिथून हवा शिरली की उलटा ओढा तुटतो, आणि संपमध्ये तेवढी जागा रिकामी ठेवायची. पाच रुपयांचंसुद्धा काम नाही.

माशांबद्दल थोडंच सांगतो. एका वेळी दोनच, मग तीन-चार आठवडे थांबायचं, आणि प्रत्येक नवीन मासा आधी महिनाभर वेगळ्या छोट्या टँकमध्ये. एक घाईने थेट आत सोडला तर अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके येतात, तो परजीवी माशावरून गळून वाळूत-दगडांवर वाढतो आणि परत चढतो, आणि मोठ्या टँकमध्ये तांब्याचं औषध टाकलं तर शिंपले, कोळंब्या सगळं मरतं. मग मासे बाहेर काढून टँक अडीच महिने रिकामा ठेवावा लागतो. निळा टँग हा मासा, जो तुमच्या फोटोत आहे, दुकानात दोन बोटांएवढा असतो पण वाढतो फूटभर, तो चार फुटी टँकमध्ये ठेवणं म्हणजे म्हैस बाथरूममध्ये बांधण्यासारखं आहे.

सुरुवात करायची तर क्लाऊनफिशने करा, पोरं ज्याला निमो म्हणतात तो, आणि कैदेत पैदास झालेलाच मागा. समुद्रातून धरलेल्यांपैकी बरेच वाटेत नाहीतर पहिल्या महिन्यात जातात, शिवाय फिलिपिन्स-इंडोनेशियात सायनाईड फवारून मासे धरण्याचे प्रकार झालेले आहेत. आपल्याकडे सीएमएफआरआयने (केंद्र सरकारची सागरी मत्स्य संशोधन संस्था) क्लाऊनफिशची पैदास केव्हाच जमवलीय, ऐरोलीलासुद्धा हॅचरी आहे. माझी जोडी हॅचरीचीच, दोन्ही आधी नरच होते, त्यातला दांडगा होता तो मादी झाला. या जातीत तसंच असतं, पण आमच्या सासूबाईंना अजून ते पटलेलं नाही.

आज टँकमध्ये सात मासे आहेत, चार वर्षांत एकच गेला. दर रविवारी स्किमरचा (फेसाबरोबर पाण्यातली घाण काढणारं यंत्र) कप धुतो, त्यातलं काळपट पाणी असं घाण मारतं की घरातले सगळे बाल्कनीत जातात. पंधरा दिवसांनी पंचाहत्तर लिटर पाणी बदलतो. तीनएक लाख गेले असतील, हिशोब ठेवणं सोडून दिलं. तक्रार नाही, हौस आहे. पण माझ्यासारखा हौशी आधी दोन महिने रिकाम्या पाण्याकडे बघत बसतो हे तुमच्या वाचकांना कळलं पाहिजे, नाहीतर त्या लेखावरून उद्या पन्नास जण दुकानात जातील आणि पुढच्या पंधरा दिवसांत मासे कमोडमध्ये सोडतील.

एक शेवटचं, आणि हे जरा गंभीर आहे. तुमच्या फोटोत उजव्या कोपऱ्यात दगडाला शेपूट गुंडाळून एक समुद्रघोडा दिसतोय, आणि मागे फांद्यांचे प्रवाळ. प्लास्टिकचे असतील तर प्रश्नच नाही. पण खरे असतील तर २००१ साली सगळे समुद्रघोडे आणि खडक बांधणारे प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातले गेले, म्हणजे वाघाच्या रांगेत. कोस्टल रोडच्या वेळी वरळी आणि हाजी अलीच्या प्रवाळांच्या १८ वसाहती उचलून दुसरीकडे लावाव्या लागल्या होत्या त्या याच कायद्यामुळे, आणि इथे ते कोणाच्या तरी सोफ्याच्या मागे. फोटो कुठल्या घरातला आहे ते छापू नका, पण तो समुद्रघोडा खरा होता का एवढं फोटोग्राफरला विचारून पुढच्या रविवारी कळवाल का?

आपला,
एक जुना वाचक, डोंबिवली (पूर्व)