पैसे कोण देतं, आणि कधी

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "आई, सगळ्यात चांगला धंदा कोणता?" कुठला माल विकायचा यावर लोक महिनोन् महिने डोकं खपवतात. माझी सारी नोकरी दुसऱ्यांचे हिशेब तपासण्यात गेली, त्यामुळे मी आधी दोनच गोष्टी बघते: पैसे कोण देतंय, आणि आपल्या खिशातून जायच्या आधी येतायत की नंतर.

ठेकेदारी घे. सामान रोखीनं, मजुरी दर आठवड्याला, बिल काम संपल्यावर, आणि बिलाचे पैसे त्यानंतर तीन महिन्यांनी. वहीत नफा दिसतो, पण शनिवारी मजुरांना द्यायला हातात काही नसतं. वर कामं वाढली की हा खड्डाही वाढतो. खेळत्या भांडवलाअभावी नफ्यातले धंदे बसतात ते असे.

विम्यात सगळं उलट. हप्ता आज, दावा आलाच तर पुढे कधीतरी. मधल्या काळात ती रक्कम कंपनीला गुंतवता येते. अमेरिकेतले गुंतवणूकदार वॉरन बफेट यांच्या बर्कशायर हॅथवे कंपनीनं 1967 साली नॅशनल इन्डेम्निटी ही विमा कंपनी घेतली आणि पुढची कितीतरी खरेदी अशा पैशाच्या बळावर झाली. (हप्ते कमी लावले तर दावे सगळं गिळतात, ते वेगळं.)

मला सगळ्यात आवडतं ते झेरॉक्स कंपनीचं उदाहरण. 1959 साली त्यांचं 914 हे प्रती काढायचं मशीन आलं. किंमत एवढी की बहुतेक ऑफिसांनी ते विकत घेतलंच नसतं. म्हणून भाड्यानं दिलं. महिन्याच्या भाड्यात पहिल्या 2000 प्रती, पुढे प्रत्येक प्रतीचे वेगळे पैसे, मोजायला मशीनवरच मीटर. एकदा बटण दाबून प्रत मिळायला लागल्यावर कोण मोजत बसतंय? वापर अंदाजाच्या कितीतरी पुढे गेला. पण हेही बघ, की मशीन बनवायचा खर्च आधी कंपनीच्याच गळ्यात होता. भाड्याच्या धंद्याला दम लागतो.

कॉस्टको ही अमेरिकेतली, फक्त सभासदांना माल विकणारी दुकानांची साखळी. ती मालावर साधारण 14-15 टक्क्यांपेक्षा जास्त चढवत नाही. नफ्याचा मोठा भाग सभासदांच्या वार्षिक वर्गणीतून येतो, आणि ती आगाऊ असते. गूगलवर शोधणारा छदामही देत नाही, देतो तो जाहिरातदार. कंपनीच्या उत्पन्नाचा साधारण पाऊण हिस्सा तोच. दलालीत माल नको, गोदाम नको, फक्त घेणारे आणि विकणारे दोघंही जमेपर्यंत माश्या मारायची तयारी हवी.

आता तुझं. दुसऱ्यांना वेबसाइट करून देणं म्हणजे स्वतःचे तास विकणं. तू आजारी पडलीस की गल्ला बंद. म्हणून देखभालीचा वार्षिक करार वेगळा कर, त्याचे पैसे वर्षाच्या सुरुवातीला घे. आणि मूळ कामाला निदान 40 टक्के आगाऊ. बाबा म्हणतात, अशानं गिऱ्हाईक पळेल. एखादं पळेलही. मला तरी ते उधारीपेक्षा स्वस्त वाटतं.

कराराचा मसुदा रविवारपर्यंत पाठव. उरलेले पैसे किती दिवसांत द्यायचे, ते कलम त्यात आहे का, हे मी सगळ्यात आधी बघणार आहे.

तुझी,
आई