राखाडी शर्ट घालून आलेल्या काकांना

काका,

तुम्ही मोबाईलवर काही वाचत नाही, म्हणून नातवाला वाचून दाखवायला सांगा. मध्येच गाळायला लागला तर कान धरा त्याचा. नाव लिहू नको असं बजावलंत, तर नुसतं काका लिहिते. मालवणात ज्यांना कळायचं त्यांना कळेलच.

पोहण्याचे शेवटचे सूट देऊन झाले. आज सकाळपासून मशीनवर बसवत नाहीये, म्हटलं आधी हे लिहावं.

वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. आमच्याकडे समुद्रात पोहायला शिकणाऱ्या मुलांच्या वर्गासाठी लांब बाह्यांचे सूट शिवायचे होते. सरांनी रंग ठरवून दिला होता, होडीवरच्या लाइफ जॅकेटसारखा भडक नारिंगी. कारण साधं आहे. निळा किंवा हिरवा सूट घातलेलं पोर चार हात लांब गेलं की लाटेत नुसतं काळं डोकं उरतं, आणि तेही कधी दिसतं, कधी नाही. मी शहाणीने काय केलं, तर जॅकेटचा फोटो काढून व्यापाऱ्याला पाठवला. 'सेम टू सेम येईल ताई.' आलेलं कापड पिकलेल्या पपईच्या गराचं. 'मोबाईलवर असाच दिसतो,' म्हणाला. दुसऱ्या खेपेला त्याने कुरिअरने तुकडा पाठवला. तो मी रात्री ट्यूबलाइटखाली बघितला, आवडला, हो म्हटलं. चाळीस मीटरचा ताका दारात उन्हात उलगडला तर गुलाबीकडे झुकलेला! परत घेणार का विचारलं, तर वर ऐकवलं, 'एवढ्याशा ऑर्डरला एवढं कोण बघतं?'

हे वाक्य माझ्या डोक्यातून अजून गेलेलं नाही. पैसे तर गेलेच. ज्या प्रशिक्षणात आम्हा बायकांना लोगो कसा असावा हे दोन दिवस शिकवलं, तिथल्या बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, 'रंगात थोडा फरक पडू शकतो अशी खाली टीप टाकायची.' टीप टाकून पोर पाण्यात दिसणार आहे का?

मग कोणीतरी तुमचं नाव सांगितलं. गिरणीत कापड रंगवायच्या प्रोसेस खात्यात होते, 1982 च्या संपानंतर तारापूरला डाइंग मास्टर झाले, आता गावी माडांना पाणी घालतात, एवढीच माहिती होती. पहिल्या दिवशी तुम्ही लाल चौकड्यांचा शर्ट घालून आलात, दोन्ही तुकडे उलटसुलट केले आणि म्हणालात, "आज नको. उद्या धाच्या सुमाराक येतंय." मला वाटलं, झालं, हेही गेले.

दुसऱ्या दिवशी तुम्ही आलात ते राखाडी शर्ट घालून. जुना, कॉलर विरलेला, वरचं बटण नसलेला. काकूंनी तो पायपुसण्याला काढून ठेवला होता म्हणे, तिथून उचलून आणलात. मी काही विचारायच्या आधीच म्हणालात, "रंग बघूक इलंय, तर लाल शर्ट घालून कसो येतलंय?"

काका, मला तेव्हा त्यातलं शास्त्र कळलं नव्हतं. शर्टाचा रंग कापडावर सांडतो, डोळ्याला फसवतो, म्हणून रंग तपासायच्या खोलीच्या भिंतीही राखाडी ठेवतात, हे तुम्ही मागाहून सांगितलंत. मला त्या क्षणी एवढंच दिसलं की एक म्हातारा माणूस माझ्या बावीस सुटांसाठी घरी जाऊन कपडे बदलून आला. बस्स. व्यापाऱ्याचं ते वाक्य माझ्या कानात होतंच, आणि समोर हा शर्ट. मी चहाचं निमित्त करून आत गेले, ते पाणी उकळून अर्धं झालं तरी बाहेर यायला धजेना.

मग टेबल पडवीतून हलवलंत. जांभ्याच्या चिऱ्यांचा तांबूस उजेड पडतो म्हणून भिंत नको, हिरवट सावली येते म्हणून माडाखालीही नको. शेवटी खळ्याच्या उत्तरेच्या कडेला, उघड्या आकाशाखाली, वर जुनी राखाडी चादर अंथरून. शेजारच्या काकूंना वाटलं पूजा मांडतोय.

दोन तुकडे तिथे ठेवलेत, नंतर तेच आत नेऊन ट्यूबखाली. बाहेर भांडणारे रंग आत गेल्यावर सख्खे भाऊ झाले. एका उजेडात जुळणारे दोन रंग दुसऱ्या उजेडात फुटतात, याला तुमच्याकडे मेटामेरिझम म्हणतात. माझा हा शब्द अजून अडखळतो, पण रात्री रंग पास करायचा नाही हे पक्कं बसलंय.

आणि तो नारळ! सोललेला नारळ मागवलात, त्यावर कापड ताणून बसवलंत. नारळाच्या फुगीर भागावर रंग एकदम फिका, धाग्यांमधून पांढरं डोकावायला लागलं. नायलॉन रंग पितं, आतला ताणणारा स्पॅन्डेक्स तेवढा पीत नाही, म्हणून ताणलं की तो उघडा पडतो. पोराच्या पोटावर सूट असाच बसणार. वर तांब्याभर पाणी ओतलंत, तोच रंग गडद झाला. सुका, ओला, सैल, ताणलेला, एकाच तुकड्याचे चार रंग मी पहिल्यांदा बघितले, आणि वीस वर्षं शिवणकाम करते मी.

"तुजो नारिंगी तुज्या मनात आसा. त्येंका खंय दिसतलो?" हे तुम्ही हसत म्हणालात. चूक माझीही होती, फोटो पाठवून रंग मागवणं हा माझाच मूर्खपणा. पण 'तुझी चूक' हे शब्द तुमच्या तोंडून एकदाही आले नाहीत.

पुढची धावपळ लिहीत बसत नाही. पॅन्टोनचा, म्हणजे रंगांच्या ठरलेल्या यादीतला, आकडा कसा द्यायचा, कागदावरची शेड आणि नायलॉनवरची भडक शेड वेगळी का धरायची, गिरणीकडून आधी लॅब डिपचे, म्हणजे नमुन्यादाखल रंगवलेले, छोटे तुकडे मागवून दिवसाच्या उजेडात आणि दुकानाच्या उजेडात बघायचे, पसंतीच्या तुकड्यावर सही-तारीख घालून अर्धा त्यांना आणि अर्धा आपल्याकडे ठेवायचा, हे सगळं तुम्ही माझ्या वहीत तुमच्या वळणदार अक्षरात लिहून दिलंत. मशीनने रंग मोजता येत नाही का, असंही मी विचारलं होतं. एरवी येतो, म्हणालात, पण हे निऑन रंग अतिनील किरण आणि निळसर उजेड पिऊन स्वतःच उजेड फेकतात, तिथे मशीनचाही गोंधळ होतो. म्हणून डोळा लागतो. आणि राखाडी शर्ट.

एक गोष्ट तुम्ही सांगितली नसती तर मला कळलीही नसती, आणि तुमचं काही बिघडलंही नसतं. "ह्यो रंग उन्हात फिको पडतलो. पालकांक आधीच सांग." निऑन उन्हात लवकर उतरतो, तलावाच्या क्लोरीनमध्ये त्याहून वाईट. मी घाबरतच पालकांना सांगितलं, की वर्षभराने सूट बदलावा लागेल. दोघांनी कुरकुर केली, बाकीच्यांनी आधी सांगितलंस बरं केलंस म्हटलं. धंद्यात सगळेच लबाड असतात, असं मी अलीकडे उठता-बसता म्हणायला लागले होते. आता तसं म्हणताना जीभ जरा अडते. आपल्या गावात कितीतरी माणसं अशीच गिरणीतलं, गोदीतलं, बोटीवरचं शहाणपण गाठीला बांधून ओटीवर बसलेली असतील, आणि आम्ही त्यांना फक्त 'जेवलात का' एवढंच विचारतो.

पैशाचं पाकीट तुम्ही परत केलंत, त्याचा राग आहे. सोलकढीची बाटली मात्र ठेवून घेतलीत, तेवढं बरं.

रविवारी चिवल्याच्या किनाऱ्यावर गेले होते. ढग होते, पाणी करडं, लाटा बऱ्यापैकी. मुलं आत गेल्यावर मी वाळूत उभी राहून मोजली. पुन्हा मोजली. बावीस.

ते पपईच्या रंगाचं कापड अजून माळ्यावर आहे, त्याचं काय करायचं ते बघू. आणि काका, पुढच्या वेळी याल तेव्हा राखाडी शर्ट घालूनच या. वरचं बटण लावून देते. काळं नको, राखाडी बटण आणून ठेवलंय. दिवसाच्या उजेडात बघून घेतलंय.

तुमची,
मशीनवाली बाय